संकीर्ण कपाट
(जिल्हा ग्रंथालय संघाच्या वार्षिक अधिवेशनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्ष म्हटलं की आपल्याकडे साखर कारखान्याचे चेअरमन, नाहीतर सूतगिरणीचे. ते मांडव घालतात, जेवणाचं बघतात आणि भाषणात कोयना धरणापासून कंदी पेढ्यापर्यंत जिल्ह्याची कीर्ती सांगून खाली बसतात. यंदा संघाने हे पद एका निवृत्त ग्रंथपालाला दिलं. मांडवाचे पैसे माझ्याकडे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते वर्गणीतून उभे राहिले. ज्यांनी दिले त्यांची नावं मागच्या फळ्यावर आहेत. पेढे मात्र आहेत. चहाबरोबर मिळतील.

कीर्ती सांगायची रीत मी मोडणार नाही. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्या खंडाळा तालुक्यातलं. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटावातलं. कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आपल्या काल्यात. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका सुभेदाराच्या मुलाचं नाव दाखल झालं, म्हणून तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. एवढी कीर्ती एका जिल्ह्याला पुष्कळ झाली. पण त्या मुलाने पुढे लिहून ठेवलंय की शाळेत त्याला वेगळं बसावं लागे, घरून नेलेल्या तरटावर. पाणी शिपायाने नळ सोडला तर प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलं राहायचं. दाखल होणं आणि आत असणं यात केवढं अंतर असू शकतं, हे आपल्या जिल्ह्याइतकं कोणाला कळायला हवं?

तोच मुलगा पुढे मुंबईत शिकायला गेला, तेव्हा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याला कृष्णराव अर्जुन केळूसकर भेटले. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं पुरवली, आणि १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाल्यावर आपणच लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मी ग्रंथपाल असल्यामुळे माझं लक्ष बागेवर अडकतं. ग्रंथपालाचं काम त्या दिवशी एका शिक्षकाने केलं, आणि वाचनालयाचं बागेतल्या बाकाने.

आता अधिवेशनाच्या विषयाकडे येतो. निमंत्रणपत्रिकेवर ‘चिकित्सक सिद्धांत, सामाजिक न्याय आणि ग्रंथालय’ असं छापलंय. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या मंडळींनी विचारलं, चिकित्सा कोणाची करताय, पुस्तकांची की पेशंटची? शब्द जर्मनीतून आलाय. फ्रँकफुर्टला १९२३ साली समाजसंशोधनाची एक संस्था निघाली, आणि तिचे एक प्रमुख माक्स होर्कहायमर यांनी १९३७ साली एक निबंध लिहून ‘पारंपरिक’ आणि ‘चिकित्सक’ सिद्धांतांतला फरक मांडला. माझ्या भाषेत सांगायचं तर, जे आपल्याला हवा-पाण्यासारखं आपोआप आलेलं वाटतं, ते कोणी केलं आणि कोणाच्या सोयीने केलं, हे विचारत राहायचं. तेवढ्यासाठी जर्मनीला जायची गरज नव्हती म्हणा. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त धोंडिबाला हेच प्रश्न विचारायला लावले आणि स्वतः उत्तरं दिली.

‘गुलामगिरी’चं नाव निघालंच आहे तर आमच्याकडची एक गंमत सांगतो. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र कोर्स करणारा एक मुलगा आमच्याकडे प्रात्यक्षिकाला होता. हुशार होता, झपाट्याने काम करायचा. एका दुपारी त्याने पन्नासेक पुस्तकांना ड्यूईच्या दशांश पद्धतीचे वर्गांक देऊन टाकले. त्यात ‘गुलामगिरी’ला दिला ३२६. ड्यूईत ३२६ म्हणजे गुलामीची प्रथा आणि तिचं निर्मूलन. अमेरिकेत काळ्या माणसांना बाजारात विकत, ती गुलामी. सहकारी हसले. मीही हसलो. रात्री घरी आल्यावर हसू थांबलं. पोराने शीर्षक बघून काम उरकलं हे खरं. पण जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. आपल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. म्हणजे पोराने नकळत ते लेखकाच्या मनातल्या जागेजवळ नेऊन ठेवलं होतं. मग त्याची जागा कोणती? धर्मात, २९४.५ ला, हिंदू धर्माची टीका म्हणून? ३०५.५१२२ ला, जातीव्यवस्था म्हणून? इतिहासात? मराठी गद्यात? आमच्याकडे ते आधी कुठे होतं सांगू? ‘धार्मिक’ असा फलक लावलेल्या कपाटात, व्रतवैकल्यांच्या पोथ्यांशेजारी. कोण्या पूर्वजाने पुस्तकात ब्राह्मण, परशुराम, बळी अशी नावं वाचली आणि निर्णय घेतला.

ग्रंथपाल दिवसाला असे वीस निर्णय घेतो आणि संध्याकाळी शटर ओढून घरी जातो. कोणालाच तो सत्ता गाजवतोय असं वाटत नाही. त्यालाही नाही.

मेल्विल ड्यूईंनी आपली दशांश पद्धत १८७६ साली छापली. जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत. दोनशेचा खण धर्माचा. त्यात २२० पासून २८० पर्यंत सगळं ख्रिस्ती धर्माचं: बायबल, चर्च, पंथ, प्रार्थना. उरलेल्या जगाला २९०. त्या एका दशकात हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, मुसलमान, पारशी सगळे दाटीवाटीने, एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसल्यासारखे. बुद्ध २९४.३. इस्लाम २९७. आठशेच्या खणात साहित्य: अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक, आणि ८९० मध्ये ‘इतर’. मराठी त्या इतरांत. इंग्रजी कादंबरीला तीन आकडे पुरतात, ८२३. मराठी कादंबरीला सहा लागतात, ८९१.४६३. मी ही तक्रार पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. निर्गम टेबलावर बसून पाठकण्यावर चिकटपट्ट्या लावताना कळली. आपल्या बारक्या कादंबऱ्यांच्या पाठीवर सहा आकडे आणि दोन अक्षरं मावत नाहीत. चिठ्ठी दुमडून मुखपृष्ठावर येते आणि पावसाळ्यात सुटते.

पण मराठीचं रडगाणं गाऊन मी टाळ्या घेणार नाही. त्याच तक्त्यात एक घर पुढे सरका. कोकणीला ८९१.४६९ आहे, म्हणजे मराठीच्या पोटात. १९८७ साली कोकणी गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या परिशिष्टात आली. वर्गांक मात्र अजून आपल्या अंगणातला. आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला सहा आकड्यांत दिसतो, आपल्या नावावर दुसऱ्यावर झालेला नवव्या उपविभागात दिसत नाही.

ड्यूई या गृहस्थांबद्दलही थोडं. त्यांच्या लेक प्लॅसिडच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता, आणि त्यावरून गदारोळ झाल्यावर १९०५ मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचं पद सोडावं लागलं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्यांच्या नावाच्या पदकावरून त्यांचं नाव काढायचं ठरवलं ते २०१९ साली. मी त्यांची पद्धत उभं आयुष्य वापरली. हातोडा कोणी केला हे कळल्यावर खिळे ठोकणं बंद होत नाही. पण हात जरा सावध होतो.

त्यांच्याच देशातल्या एका बाईंची गोष्ट मला फार जवळची वाटते. डोरोथी पोर्टर. १९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीयांच्या ग्रंथसंग्रहावर त्यांची नेमणूक झाली. त्यांनी पाहिलं की इतर ग्रंथालयांत काळ्या लेखकाचं काहीही आलं, कविता असो, नाटक असो, की ते दोनच जागी जातं: ३२५ म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, नाहीतर ३२६ म्हणजे गुलामी. कवीने चांदण्यावर लिहिलं तरी पुस्तक गुलामीत. पोर्टरबाईंनी ते बंद केलं. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, आणि लेखक आपल्या नावाने. त्यासाठी त्यांनी तक्त्याशी भांडण मांडलं नाही. आपल्या टेबलावर येणारं प्रत्येक पुस्तक त्यांनी वेगळ्या जागी ठेवलं. १९७३ ला त्या निवृत्त झाल्या.

दुसरे सॅनफर्ड बर्मन. तेही अमेरिकन. झांबियाच्या विद्यापीठात काम करताना तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतला ‘काफिर’ हा शब्द त्या मुलखात शिवी आहे. तोवर बर्मनना ते नुसतं शीर्षक वाटत होतं. मग त्यांनी सगळी यादीच चाळली, आणि १९७१ साली तिच्यातल्या पूर्वग्रहांवर एक पुस्तकच लिहिलं. अगदी अलीकडे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ पासून ‘बेकायदा परके’ या शीर्षकाविरुद्ध तगादा लावला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस ते बदलायला तयार झाली, तेव्हा अमेरिकेच्या संसदेतले सभासद आडवे आले. शेवटी २०२१ च्या नोव्हेंबरात ते शीर्षक गेलं. कार्डावरच्या दोन शब्दांसाठी संसद! आपल्याकडे ग्रंथालयाच्या अनुदानाचा प्रश्नसुद्धा विधिमंडळ अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो.

आपल्याकडचे शब्द? आमच्या वाचनालयात विषयतालिकेचे जुने सागवानी खण होते. संगणक आल्यावर ते जिन्याखाली गेले. एकदा अभ्यासिकेतला एक मुलगा तिथे पंख्याखाली बसून खण उघडत होता. पारधी वस्तीवरचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याने एक पिवळं पडलेलं कार्ड माझ्यापुढे धरलं. वर बोरूने सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘गुन्हेगार जाती’. खाली चार पुस्तकांचे दाखलअंक. तो म्हणाला, सर, हे आम्हीच ना? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. जमाती विमुक्त झाल्या. आमच्या खणात त्या तेव्हापासून पन्नासेक वर्षं अडकूनच होत्या, आणि रोज त्या खणावर फडका मारायचं काम माझ्या हाताखाली चाललं होतं. मी कार्ड फाडायला घेतलं. त्याने हात धरला. म्हणाला, फाडू नका, यावर रेघ मारा आणि बाजूला नवीन लिहा. आधी काय होतं ते दिसू द्या. ते कार्ड तसंच आहे, रेघ मारलेलं. तो मुलगा आता हवालदार आहे.

आता माझी स्वतःची फिर्याद. गाव, संस्था काही सांगणार नाही. ती माणसंही आता नाहीत. मी सातवीत होतो. वडील बँडपथकात क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईत पैसे यायचे, एरवी यायचे नाहीत. बाजारपेठेतल्या वाचनालयात मी सभासद व्हायला गेलो. अनामत तीन रुपये मी दिवाळीत जमवले होते. टेबलावरच्या गृहस्थांनी फॉर्म दिला, अगदी सौम्यपणे, ‘बाळ’ म्हणून. फॉर्मच्या तळाशी रकाना होता: ‘जामीनदार (विद्यमान सभासद) यांची सही’. आमच्या वस्तीत एकही सभासद नव्हता. कसा असणार? सभासद व्हायला सभासदाची सही लागत होती. मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला, तीन महिने. कोणी मला नाही म्हटलं नव्हतं. कोणी जात विचारली नव्हती. हाकलून दिलं असतं तर मी निदान रडलो असतो, घरी सांगितलं असतं. इथे सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. शेवटी आमच्या गुरुजींनी सही केली, तीही शाळेच्या व्हरांड्यात, कोणी बघत नाही ना हे बघून.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी खर्चाच्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा. महाडचं तळं त्याच ठरावातून पुढे आलं. ती यादी मी कितीदा वाचली. वाचनालय तीत नाव घेऊन नाही. दुसऱ्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि तिच्या उद्देशांत वाचनालयं काढणं लिहिलं. दार उघडायची वाट न बघता स्वतःच दार बसवायचं, असं ते होतं. आता संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणं सगळ्यांना खुली आहेत. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली आपली मान्यता आहे. पण जामीनदाराचा रकाना कोणत्याही कायद्यात नव्हता. तो आमच्यासारख्या कोणा कार्यवाहाने छापखान्यात सांगितलेला होता.

आणि तो गेलेला नाही. त्याचं नाव बदललंय. आज आपल्या बहुतेकांच्या फॉर्मवर ‘स्थानिक रहिवासी पुरावा’ असतो. गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कृष्णाकाठी येतात, फडाशेजारी खोपी घालतात. त्यांची पोरं दुपारी आमच्या पायरीवर बसायची, आतली चित्रांची पुस्तकं खिडकीतून बघत. पुरावा कुठला आणणार? मी कमिटीत विषय काढला. एक सदस्य म्हणाले, सोपं आहे, मुकादमाची सही घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याच्याकडे त्या पोरांच्या आईबापांची उचल थकलेली, त्याच्याकडेच आम्ही त्यांच्या गोष्टीच्या पुस्तकाचा जामीन मागणार होतो. सातवीतला फॉर्म मीच छापून आणला असता. दुसऱ्या दिवशी ठराव बदलला: नाव सांगा, पुस्तक न्या. काही पुस्तकं परत आली नाहीत. एक आलं ते पाडव्याच्या सुमाराला, टोळीच्या ट्रकमधून कोणाच्या तरी हाती पाठवलेलं, पानांत उसाचं पाचट. लेखापरीक्षकांनी गहाळ पुस्तकांवर शेरा मारलाय. तो शेरा मी जपून ठेवलाय. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली उशिराचा दंडच बंद केला, असं वाचलं. आपल्या अनुदानात हे परवडणार नाही, हे मला कळतं. पण परवडत नाही हे बोलण्याआधी वर्षाचा दंड किती जमतो हे एकदा वहीत पाहा. आमच्याकडे तो फिनाइलच्या खर्चाएवढाही नव्हता.

आता संकीर्ण कपाटाबद्दल, कारण आजचं भाषण त्याचंच आहे.

प्रत्येक जुन्या वाचनालयात ते असतं. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक, बाल, आरोग्य अशी कपाटं लागली की शेवटी जिन्याजवळ एक उरतं. काच फुटलेली, किल्ली कार्यवाहांच्या खणात. त्यात काय जातं? कुठेच न बसणारं. माझ्या नोकरीच्या काळात त्यात मी काय घातलं ते सांगतो. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीहून, दीक्षाभूमीहून वाचक पुस्तिका आणायचे आणि वाचनालयाला भेट द्यायचे. सोळा पानी, बत्तीस पानी, पिनांनी शिवलेल्या. धम्मवंदना, जलसे, एखाद्या गावच्या सत्याग्रहाची हकिगत, एखाद्या कार्यकर्त्याचं चरित्र. पाठकणा नाही म्हणून चिठ्ठी नाही. किंमत नाही म्हणून दाखलनोंद नाही. दाखलनोंद नाही म्हणून तालिकेत नाही. तालिकेत नाही म्हणजे ते पुस्तक नाहीच. मी नम्रपणे घ्यायचो, ‘आभारी आहोत’ म्हणायचो आणि संकीर्णमध्ये ठेवायचो. माझ्याच वस्तीची ती पुस्तकं, माझ्याच हाताने. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’चे खंड तर कपाटात उंचीने बसत नाहीत म्हणून मी कपाटाच्या माथ्यावर ठेवले होते. वाचक टाच वर करून बघायचे.

मी कोणाच्या दबावाने हे केलं नाही. मला कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं, आणि चांगले मार्क मिळाले होते.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं आणि पुढे जवळजवळ विसरलंच गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा ते लोकांपुढे आलं. मधल्या त्र्याण्णव वर्षांत त्याच्या किती प्रती कोणत्या संकीर्ण कपाटात होत्या? किती जीर्ण म्हणून निर्लेखित झाल्या? जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आला म्हणून आज आपल्याला वाचता येतो. नियतकालिकाचे अंक कोणीतरी बांधून ठेवले म्हणून. सुटे राहिले असते तर रद्दी.

रद्दीवरून आठवलं. आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे. दुकानात बसून पुड्या बांधायच्या वर्तमानपत्रांचे तुकडे वाचायच्या, आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड ठेवायच्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं ते वर्षानुवर्षं लपवून ठेवलेल्या वह्यांतून. ही बाई किराणा मालाच्या कागदावर शिकत होती तेव्हा आपल्या जिल्ह्यात वाचनालयं नव्हती असं नाही.

मग पुढे आम्ही शहाणे झालो आणि ‘दलित साहित्य’ असं स्वतंत्र कपाट केलं. निळ्या रंगात पाटी. उद्घाटनाला आमदार. मला वाटलं, संपला विषय. दोन वर्षांनी वही पाहिली तर ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘आयदान’ नेणारी नावं तीच तीच. चरित्रं-आत्मचरित्रं आवडीने वाचणाऱ्या एका निवृत्त बँक कर्मचारी बाईंना मी विचारलं, हे वाचलंत का? त्या सहज म्हणाल्या, त्या बाजूला मी कधी गेले नाही हो, ते तुमचं ना? वाईट हेतू नव्हता. पाटीने त्यांना सांगितलं होतं कुठे जायचं आणि कुठे नाही. वेगळं कपाट केलं की शोधणाऱ्याला सापडतं, न शोधणाऱ्याला कायमचं चुकतं. एकत्र केलं की उलटं होतं. नवीन पोरगा विचारतो आमची पुस्तकं कुठे, आणि त्याला हात दाखवायला एक जागा नसते. या पेचाचं उत्तर मला मिळालेलं नाही. उद्याच्या परिसंवादात कोणी ठामपणे एकच बाजू सांगितली तर मी मागच्या रांगेतून खोकणार आहे. आम्ही केलं ते एवढंच: पुस्तक आत्मचरित्रांत लावलं आणि निळ्या कपाटात त्याच्या जागी पुठ्ठ्याची खूण ठेवली, ‘हे पुस्तक चरित्र विभागात पाहा’. दोन प्रती घ्यायला पैसे असते तर पुठ्ठा लागला नसता.

पैशांवरून एक कडू गोष्ट बोलून घेतो, नाहीतर न्यायाच्या गप्पा खोट्या ठरतील. राज्यातल्या अकरा हजारांहून जास्त अनुदानित ग्रंथालयांत काम करणारा माणूस किती पगारावर काम करतो, हे समोर बसलेल्यांना विचारायची गरज नाही. ‘ड’ वर्गातला ग्रंथपाल सकाळी पेपर टाकतो, दुपारी शेतात जातो, संध्याकाळी पुस्तकं देतो. त्याच्याकडून रंगनाथनांच्या पाच ग्रंथालयसूत्रांची अपेक्षा करताना सहावं सूत्र त्याच्या वेतनाचं असायला हवं होतं. ठराव क्रमांक चार त्यावर आहे. हात वर करताना अर्धवट करू नका.

अभ्यासिकेतल्या मुलींसाठी स्वच्छतागृह नाही अशी वाचनालयं आपल्या जिल्ह्यात आहेत. मी नावं वाचणार नाही. ज्यांचं आहे त्यांनी ते रात्री आठनंतर उघडं असतं का, हे घरी गेल्यावर बघा. पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयात गुडघे गेलेला वाचक कसा येतो, हेही.

शेवटची सूचना. संयोजकांनी मला शेजारचा वर्ग प्रदर्शनासाठी दिलाय. तिथे मी आमचं संकीर्ण कपाट टेम्पोत घालून आणलंय, फुटक्या काचेसकट. किल्ली दारातच लावलेली आहे. टेबलावर नवी दाखलनोंद वही आहे, दोन पेनं आहेत. त्या पुस्तिकांना नोंदवायचं काम निवृत्तीनंतर सुरू केलं, पण एकट्याच्याने होत नाही, आणि माझं अक्षर आता थरथरतं. जेवणाच्या सुट्टीत ज्याचं अक्षर बरं आहे त्याने येऊन पाच-पाच नोंदी करून जाव्यात.

सगळ्यात वरची एक मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलीय. आंबेडकरी जलशाच्या गाण्यांची पुस्तिका आहे, चोवीस पानांची. लेखकाचं नाव फाटलंय, साल नाही, छापखान्याचं नाव वाळवीने खाल्लंय. किंमत चार आणे. मागच्या पानावर शिसपेन्सिलीने कोणीतरी सूर लिहिलेत, सा रे ग असे, आणि खाली ‘क्लॅ.’ असा अर्धा शब्द. माझे वडील वाजवायचे म्हणून मला वाटतं ते क्लॅरोनेटचं असावं. पण ते त्यांचं हस्ताक्षर नाही. वर्गांकाचा रकाना मी कोरा सोडलाय. संगीत, काव्य, धर्म, राजकारण, काय ते तुम्ही सांगा. जेवण एक वाजता आहे. झुणका, भाकरी आणि खर्डा. सर्वांचं मनापासून स्वागत.